ऑलमन ब्रदर्स ऐकून झाले, आता पुढे कोण?

प्रश्न : मला क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायवल आणि ऑलमन ब्रदर्स बँड हे जुने अमेरिकन रॉक बँड प्रचंड आवडतात, बरेच महिने दुसरं काही ऐकलंच नाही म्हणा ना. पण अॅपवर 'असेच आणखी कलाकार' बघायला गेलं की ईगल्स, लेनर्ड स्किनर्ड, परत ईगल्स. हे सगळे ऐकून झालेत. नवीन कोणी कसं शोधायचं?

उत्तर : अॅप बहुतेक करून हे बघतं की हा बँड ऐकणारे लोक अजून काय काय ऐकतात, म्हणून फिरून फिरून तीच मोठी नावं समोर येतात. तुम्ही बँडची नावं जरा बाजूला ठेवा आणि एकेका गाण्याच्या मागे लागा. मूळ गाणं कोणाचं, आणि वाजवलंय कोणी, बस एवढंच.

ऑलमनचा 'अॅट फिलमोर ईस्ट' हा अल्बम (१९७१) सुरूच होतो 'स्टेट्सबरो ब्लूज'ने. ते गाणं ब्लाइंड विली मॅकटेलचं, १९२८ चं, बारा तारांची गिटार घेऊन एकटा माणूस गातोय. पण बँडचा गिटारवादक ड्वेन ऑलमन याला ते भिडलं ताजमहालच्या १९६८ च्या पहिल्या अल्बममधून (ताजमहाल हा अमेरिकन ब्लूज गायक), आणि तिथली स्लाइड गिटार (तारांवर नळी सरकवून वाजवतात ती) जेसी एड डेव्हिसची आहे. हा माणूस तुम्ही ऐकाच. ओक्लाहोमाचा, मूळनिवासी कायोवा-कोमांची घरातला, जॅक्सन ब्राउनच्या 'डॉक्टर माय आइज'मधला गिटार सोलो त्याचा, आणि ७० च्या सुरुवातीला त्याचे स्वतःचे अल्बम पण आले पण त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. ताजमहालच्या त्याच अल्बमवर राय कूडर हा गिटारवादकही आहे. रोलिंग स्टोन्सच्या 'लव्ह इन व्हेन'मध्ये मँडोलिन वाजतं ना, ते त्याचं, आणि ते गाणं मुळात जुन्या ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनचं, म्हणजे तिथून अजून एक वाट फुटते. बघा, एका गाण्यातून किती जण सापडले!

क्रीडन्सचं जरा वेगळं आहे. आवाज असा की वाटावं लुइझियानाच्या दलदलीतूनच आलेत, पण पोरं सगळी कॅलिफोर्नियाची. त्यांचं 'सुझी क्यू' मुळात डेल हॉकिन्सचं, १९५७ चं, आणि हॉकिन्स मात्र खरोखर लुइझियानाचा. तसाच टोनी जो व्हाइट. 'पोक सॅलड अॅनी' १९६९ मध्ये गाजलं तेवढंच लोकांना माहीत असतं, पण त्याचा तो खर्जातला आवाज आणि मोजकंच वाजवणारी गिटार, मला तर क्रीडन्सच्या सगळ्यात जवळचा तोच वाटतो.

आणि हो, तुम्हाला नेमकं काय आवडतं तेही ठरवा. ऑलमनमध्ये लांबलचक जॅम (सगळ्यांनी मिळून उत्स्फूर्त वाजवणं) आवडत असेल तर टेडेस्की ट्रक्स बँड ऐका, त्यातला डेरेक ट्रक्स हा ऑलमनच्या ड्रमरचा, बुच ट्रक्सचा पुतण्या, आणि १९९९ पासून स्वतः ऑलमनमध्येही होता. रिदम आवडत असेल तर लिटल फीट हा बँड.

१९२८ चं रेकॉर्डिंग खरखरतं, पहिल्यांदा कान लागत नाही, म्हणून तिथून सुरुवात नको. आधी ताजमहालचा तो अल्बम पूर्ण ऐका, मग मॅकटेलकडे जा.