फ्लेमिंगोआधी शेकाट्या

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. दुर्बीण घेतली आहेस, ऐरोलीच्या बोटीतून फ्लेमिंगो पाहून झाले, आता एकच पक्षी धरून नीट शिकायचा आहे आणि तो फ्लेमिंगोच असावा, असं लिहिलं आहेस. माझं ऐकशील तर फ्लेमिंगो दोन वर्षं बाजूला ठेव. पावसाळ्यात बहुतेक निघून जातात, असतात तेव्हा लांब चिखलावर असतात, आणि ठाण्याच्या खाडीत वीण करत नाहीत. म्हणजे त्यांचं अर्धं आयुष्य आपल्याला दिसतच नाही. त्याऐवजी शेकाट्या (ब्लॅक-विंग्ड स्टिल्ट) घे, लांब लाल पायांचा काळापांढरा पाणपक्षी. नेरूळ-सीवूड्सची तळी, मिठागरं, सांडपाण्याच्या नाल्याचं तोंड, कुठेही उभा असतो. म्हणून तर कुणी त्याच्याकडे बघत नाही.

पायांपासून सुरुवात कर. शरीराच्या मानाने लांब पायांत फ्लेमिंगोनंतर याचाच नंबर. वजन जेमतेम १६० ते २०० ग्रॅम, कबुतराहून हलका. पायाच्या मध्यावर मागे वाकणारा जो 'गुडघा' दिसतो तो खरं तर घोटा. गुडघा वर पोटाच्या पिसांत दडलेला असतो. घोट्यापासून खाली बोटांपर्यंतचं अंतर साधारण १० ते १३ सेंटिमीटर. म्हणजे तळ्यात तुझ्यासाठी फुकटची मोजपट्टी उभी आहे. पाणी घोट्याला टेकलं असेल तर तिथे खोली बारा सेंटिमीटरच्या आसपास. पोटाला लागायला आलं की तो तिथे फार वेळ चरत नाही, उथळ शोधतो.

हे आधी सांगण्याचं कारण, नवशिक्यांच्या वहीत सगळ्यात मोठी चूक इथेच होते. 'काल ऐंशी, आज एकही नाही, पक्षी स्थलांतर करून गेले.' गेले कुठेच नाहीत. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे. म्हणून हे शहर वसवणाऱ्या सिडकोने होल्डिंग पॉण्ड, म्हणजे पाणी साठवायची तळी, ठेवली. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी त्यांत साठतं, ओहोटी लागली की झडपांतून खाडीत उतरतं. झडप अडकली, गाळाने तुंबली किंवा मुद्दाम बंद ठेवली की पातळी वीतभर इकडेतिकडे होते, आणि शेकाट्याला तेवढं पुरतं. पाणी वाढलं तरी जातो, तळ सुकून भेगा पडल्या तरी जातो. त्यामुळे पक्ष्यांच्या आकड्याशेजारी पाण्याची खोली लिहिलीच पाहिजे. नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

ओळखायला सोपा, पण तीन ठिकाणी गफलत होते. उन्हाच्या झळांत लांबून पाय दिसत नाहीत, तेव्हा उचाट्या (ॲव्होसेट) आणि हा सारखेच काळेपांढरे वाटतात. उचाट्याची चोच टोकाला वर वळलेली आणि पाय निळसर राखाडी, याची चोच सरळ, सुईसारखी. रेडशँक या दुसऱ्या पाणपक्ष्याचे पायही लाल, पण आखूड, आणि अंगावर राखाडी-तपकिरी रंग. तिसरी गफलत अनुभवी लोकही करतात: डोक्या-मानेवर काळं जास्त म्हणजे नर. हे चुकीचं आहे. डोक्याचा रंग एकेका पक्ष्यात बदलतो, त्यावरून नर-मादी ठरवू नकोस. पाठ बघ. नराची काळीभोर, उन्हात हिरवट चमकणारी. मादीची तपकिरी झाक असलेली. या वर्षीच्या पिल्लाच्या पाठीवरच्या तपकिरी पिसांना फिकट कडा असतात, पाय मळकट गुलाबी, आणि उडताना पंखाच्या मागच्या काठाला बारीक पांढरी रेघ दिसते. प्रौढाचा पंख वरून-खालून सलग काळा.

काठच्या गाळात ठसेही बघत जा. याला मागचं बोट नसतं, तीनच बोटं, त्यामुळे ठशाला मागचा ठिपका नाही. कंठेरी चिखल्या या चिमुकल्या पाणपक्ष्याचंही तसंच, पण तो ठसा केवढासा!

आता जायचं कधी. ॲपवर भरतीचं कोष्टक मिळतं, तरी कोळीवाड्यांतला हिशोब पाठ कर: तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ. शुद्ध असो वा वद्य. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अर्धा तास इकडेतिकडे धर; खाडीच्या आतल्या टोकाला पाणी आणखी थोडं उशिरा पोचतं. भरतीनंतर सहा तास बारा मिनिटांच्या सुमाराला ओहोटी. खाडीतला चिखल बुडाला की तिथे चरणारे पक्षी तळ्यांत आणि मिठागरांत येऊन दाटीने उभे राहतात, आणि मोजणी तेव्हाच करायची. नवी मुंबईच्या काठावरून खाडी पश्चिमेला आहे, म्हणजे सकाळी ऊन पाठीमागे. सकाळची भरती आणि पाठीमागचं ऊन दोन्ही जुळतात ते एकादशी ते त्रयोदशी. (एकादशीला डब्यात साबुदाण्याची खिचडी ने, दुपार होते.) ठाण्यात कोपरीच्या बाजूने मात्र खाडी पूर्वेला, तिथे संध्याकाळ बरी. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं. भरतीला जोर नाही, पक्षी विखुरलेले, मोजणी फसते.

चरताना एकच पक्षी धर आणि मिनिटभरात चोच किती वेळा मारतो ते मोज. असे पाच पक्षी. बहुतेक वेळा पाण्याच्या पृष्ठभागावरून टिपतो, अधूनमधून डोकं पार बुडवतो. कोरड्यावर मात्र लांब पायांची अडचण होते, घोट्यात वाकून पुढे झुकावं लागतं. खाद्य म्हणजे पाणकिडे, अळ्या, पाण्यातले भुंगेरे, बारीक कवचधारी जीव, छोट्या गोगलगायी. सांडपाण्याच्या गाळात लाल अळ्या मुबलक असतात. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असल्याने ऑक्सिजन नावापुरता असला तरी तगतात. म्हणून घाण पाण्यावरही शेकाट्यांची गर्दी होते. 'पक्षी वाढले, खाडी सुधारली' असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नकोस. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली. पाणी स्वच्छ आहे की नाही हा प्रश्न त्यापासून वेगळा ठेव.

वीण आपल्या देशात साधारण एप्रिल ते ऑगस्ट. घरटं म्हणजे पाण्यालगतच्या उंचवट्यावर किंवा बांधावर उथळ खळगा, त्यात खडे, काड्या, वाळलं शेवाळ. अंडी बहुधा चार, टोकं आत वळवून मांडलेली, मातकट रंगावर काळे डाग. दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. नर-मादी दोघं उबवतात, २२ ते २५ दिवस. मे महिन्यात 'उबवणं' म्हणजे खरं तर थंड ठेवणं. पक्षी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवतो, परत येऊन घरट्यावर उभा राहतो, मग हळूच पाय दुमडून बसतो, आणि ओलावा अंड्यांना लागतो. हे एकदा दुर्बिणीतून बघ: निथळणारं पोट, खाली चार अंडी, आणि उन्हात तापलेला बांध.

म्हणूनच घरट्याजवळ दहा मिनिटं रेंगाळणं म्हणजे अंडी उन्हात भाजणं. पन्नास मीटरच्या आत जाऊ नकोस. पक्षी मान वरखाली झटकायला लागला की थांब. 'किक-किक-किक' सुरू करून डोक्यावर घिरट्या घालू लागला की मागे फिर. पंख मोडल्यासारखा फरफटत गेला, तर तू आधीच फार जवळ आहेस. बांधावरून चालूच नकोस, कारण तुझ्या पायवाटेच्या मागे कुत्री येतात, आणि उठवलेला पक्षी पाहून कावळे. अंड्यांना हात लावणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. घरट्याचा फोटो, ठिकाण कुठल्याही ग्रुपवर टाकायचं नाही.

पाणी थोडं चढलं तर जोडी काड्या-माती घालून घरटं उंच करते. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसापुढे किंवा बांध ओलांडणाऱ्या उधाणापुढे मात्र इलाज नसतो. वीण बुडते आणि जोडी बऱ्याचदा पुन्हा अंडी घालते. त्यामुळे जुलैत पिल्लं दिसली तर ती पहिल्याच खेपेची असतील असं धरू नकोस. पिल्लं दिवसाभरात घरटं सोडून स्वतः टिपू लागतात, महिन्याभराने उडतात.

वहीत एका ओळीत एवढं बसव:

'शुद्ध द्वादशी, ८.४०, भरती चढती, पाणी घोट्याखाली चार बोटं, नर ११, माद्या ९, पाठ न दिसलेले १४, वारा पश्चिमेचा.'

पाठ न दिसलेले वेगळे लिहायचे, अंदाजाने वाटून टाकायचे नाहीत. महिन्याभराच्या अशा ओळी पाठव, फोटो नकोत.

सस्नेह