बेरीज न जुळणारी वही

"ताई, ख्रिस्तावर विश्वास ठेवून चाळीस वर्षे झाली, पण आज रात्री मेलो तर देव मला पदरात घेईल, असे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही." ही चिंता माझ्याकडे वारंवार येते, आणि ती घेऊन येणारी माणसे बहुधा बेफिकीर नसून नको तितकी काटेकोर असतात. खडकीहून येणारे एक निवृत्त लेखापाल (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) त्यांपैकीच होते. पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून एक लाल वही काढली. डावीकडे जमा: उपास, दशमांश (मिळकतीचा दहावा भाग देवाला), आजाऱ्याची भेट. उजवीकडे नावे: सुनेवर आवाज चढवला, प्रार्थनेत मन नव्हते. पानाच्या तळाशी पेन्सिलीने मांडलेली बेरीज एकाही पानावर जुळत नव्हती.

मी घाईने बायबलमधील रोमकरांस पत्राचा, म्हणजे प्रेषित पौलाने रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्राचा, चौथा अध्याय उघडला, ही माझी चूक झाली, कारण तो त्यांना माझ्यापेक्षा चांगला पाठ होता. अब्राहामाचा विश्वास त्याला नीतिमत्त्व (देवापुढे निर्दोष ठरणे) असा 'गणण्यात' आला, यातले गणणे हे पौलाच्या ग्रीकमध्ये हिशेबातही वापरले जाणारे क्रियापद असून त्या एका अध्यायात ते 11 वेळा येते, असे मी सांगू लागले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ताई, कमाई दुसऱ्याची आणि जमा माझ्या खात्यावर, याला आमच्याकडे अफरातफर म्हणतात."

हा आक्षेप त्यांचा एकट्याचा नाही. ख्रिस्ताचे नीतिमत्त्व केवळ गणले जाण्यानेच मनुष्य नीतिमान ठरतो, हे मत 1547 साली रोमन कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने नाकारले आणि अंतःकरणाच्या नूतनीकरणावर भर दिला; प्रॉटेस्टंट शिकवणीनुसार मात्र ते नूतनीकरण नीतिमान ठरण्याचे फळ आहे, आधार नव्हे. मी याच शिकवणीत वाढले आहे, तरीही आक्षेप झटकून टाकावा असे मला वाटत नाही.

म्हणून पुढच्या भेटीत पौलाने फिलेमोनाला लिहिलेले छोटे पत्र आम्ही दोघांनी सावकाश वाचले. तुरुंगातला पौल अनेसिम या दासाला त्याच्या धन्याकडे, म्हणजे फिलेमोनाकडे, परत पाठवताना लिहितो की, मला स्वीकारशील तसे याला स्वीकार, आणि याचे काही देणे असेल तर ते माझ्या हिशेबी मांड; शिवाय हे मी स्वहस्ते लिहीत आहे, मी फेडीन. पौल येथे तारणाचा सिद्धान्त मांडत नाही, हे मान्य; परंतु माझे देणे ख्रिस्ताच्या हिशेबी आणि त्याचा मान माझ्या वाट्याला, हा दुहेरी व्यवहार येथे डोळ्यांसमोर उभा राहतो. लेखापाल काकांचे बोट 'स्वहस्ते' या शब्दावर थांबले. "म्हणजे खातेदाराचीच सही आहे," ते म्हणाले. खातेदाराने जाणूनबुजून दिले असेल तर अफरातफर कसली, हे मला सांगावे लागले नाही.

"मग उद्या मी वाटेल तसा वागलो तर?" त्यांनी लगेच विचारले. हाच प्रश्न पौल रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी स्वतः उपस्थित करतो, आणि खरे सांगायचे तर तो विचारावासा वाटणे हेच कृपा कानी पडल्याचे लक्षण आहे. त्यांची झोप महिनोन्महिने उडालेली असल्याने मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवले. प्रत्येक टोचणी पापाचीच असते, असे मी मानत नाही.

वही ते अजूनही लिहितात. सुनेची क्षमा मागितल्याची नोंद परवा त्यांनी मला दाखवली; ती जमेकडेही नव्हती आणि नावेकडेही नव्हती, पान आडवे धरून मध्येच लिहिली होती.