वाचनालयात पहिल्यांदा कविता वाचताना

२७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, गावच्या वाचनालयात तुझं पहिलं काव्यवाचन आहे हे कळलं आणि फार आनंद झाला. १५ मिनिटं दिली असतील तर ११-१२ मिनिटांच्याच कविता निवड. दाद, टाळ्या, एखादी ओळ पुन्हा म्हणायचा आग्रह, याला वेळ लागतोच.

मोबाइलवरून वाचू नकोस. कागदावर मोठ्या अक्षरात, एकाच बाजूला लिहून ने. माझ्या पहिल्या वाचनाला पंख्याच्या वाऱ्याने सुटी पानं उडाली होती, तेव्हापासून मी वहीच नेतो.

वाचनालयाची खोली म्हणजे नाट्यगृह नव्हे. पुस्तकांनी भरलेली कपाटं आवाज पितात, आणि मागच्या खुर्चीवरच्या आजोबांना ओळीचा शेवट ऐकूच जात नाही. आपण बहुतेक जण तिथेच आवाज सोडून देतो. अरे, यमक तिथे असतं, क्रियापद तिथे असतं! अर्धा तास आधी जा, मित्राला मागे बसव, दोन ओळी म्हणून बघ. त्याला शेवटचा शब्द नीट कळला, तरच आवाज बरोबर लागला.

कविता आधी समजावून सांगू नकोस. फार तर एक वाक्य बोल. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर एकत्र गावोगावी कविता वाचायचे, पण प्रत्येकाचा बाज वेगळा. तूही कुणाची नक्कल करू नकोस, घरी बोलतोस त्याच आवाजात वाच.

आणि तुझं झालं की लगेच निघू नकोस. शेवटच्या कवीलाही ऐक.