एलाची 'सॉंगबुके' कुठून ऐकायला घ्यावीत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या वादनातून आपण जॅझकडे आलात, गायनाचीही ओळख व्हावी म्हणून अमेरिकन गायिका एला फिट्झजेराल्ड यांचा जॉर्ज आणि आयरा गर्श्विन या बंधूंच्या गाण्यांचा संच ('सॉंगबुक' म्हणजे असा एकाच रचनाकाराच्या गाण्यांचा संच) ऐकायला घेतलात, दुसऱ्या तबकडीच्या मध्यावर कंटाळलात, आणि आता विचारता आहात की याला जॅझ म्हणावे का, आणि एकाच रचनाकाराची पन्नास-पन्नास गाणी एका गायिकेने ओळीने गाण्यातून साधते तरी काय.

आपला कंटाळा मला पूर्ण समजतो, कारण मीही त्याच दाराने आत शिरलो होतो आणि तसाच बाहेर पडलो होतो. गर्श्विनचा तो संच १९५९ सालचा, पाच एलपींचा, म्हणजे पाच मोठ्या, लांब वाजणाऱ्या तबकड्यांचा, आणि ५३ गाण्यांचा आहे. एखाद्या कवीची समग्र कविता कोणी पहिल्या पानापासून सलग वाचत नाही. ती घरात असते आणि हवी तेव्हा हवे ते पान उघडले जाते. त्या संचाचे तसेच आहे. तो सध्या बाजूला ठेवावा आणि १९५६ सालच्या, रचनाकार कोल पोर्टर यांच्या सॉंगबुकाकडे जावे. त्यात दोन एलपींवर ३२ गाणी आहेत, म्हणजे एका बाजूला आठ. एका वेळी एकच बाजू ऐकावी.

पोर्टरच का, हे सांगण्यापूर्वी ही कल्पना आली कुठून ते पाहू. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे एक गाणे मावत असे. अशा चार-पाच तबकड्या पुठ्ठ्याच्या जाड वहीत घालून विकल्या जात, आणि 'आल्बम' हा शब्द ध्वनिमुद्रणात त्या वहीवरूनच आला. न्यूयॉर्कच्या लिबर्टी म्युझिक शॉप या दुकानाने १९३९ साली ली वायली या गायिकेकडून फक्त गर्श्विनची आठ गाणी गाऊन घेतली आणि पुढच्या वर्षी कोल पोर्टरची. एका रचनाकाराला वाहिलेला गायनाचा संच ही कल्पना, माझ्या मते, इथेच पक्की झाली. वायलीचा आवाज लहान, किंचित धुरकट. ती गाणे सजवत नाही, टेबलापलीकडच्या एकाच माणसाला सांगावे तसे सांगते. पुढे १९४८ साली एलपी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली, आणि दुकानदाराच्या हौसेपुरती असलेली ही कल्पना मोठ्या कंपन्यांना परवडू लागली. खुद्द एलानेही १९५० साली, डेक्का कंपनीत असताना, एलिस लार्किन्स यांच्या एकट्या पियानोच्या साथीवर गर्श्विनची आठ गाणी गायली होती. त्या छोट्या एलपीकडे शेवटी परत येईन.

एलाला डेक्कातून सोडवून आणणारा माणूस नॉर्मन ग्रॅन्झ. एलाने १९३८ साली चिक वेब यांच्या बँडबरोबर एका बालगीतावर देशभर नाव मिळवले होते, १९४०च्या दशकात बीबॉपचे (त्या काळच्या वेगवान, गुंतागुंतीच्या नव्या जॅझचे) 'स्कॅट' गायन, म्हणजे निरर्थक अक्षरांतून वाद्यासारखे केलेले आविष्कार, तिने अंगी मुरवले होते. पण तिच्या वाट्याला येणारी गाणी बरीचशी किरकोळ होती. ग्रॅन्झ यांनी व्हर्व्ह ही नवी कंपनी काढली आणि तिच्या पहिल्याच मोठ्या कामांत पोर्टरचा संच हाती घेतला. त्यापूर्वी ऑस्कर पीटरसन यांच्याकडून त्यांनी एकेका रचनाकाराचे असेच वाद्यसंच करून घेतले होते, तेव्हा हा त्यांचा अंधारातला बाण नव्हता. पोर्टर संच इतका खपला की १९६४ पर्यंत एकूण आठ झाले : पोर्टर, रॉजर्स आणि हार्ट, ड्यूक एलिंग्टन, अर्विंग बर्लिन, गर्श्विन बंधू, हॅरोल्ड आर्लेन, जेरोम कर्न आणि जॉनी मर्सर. यांपैकी मर्सर हा शब्दांचा माणूस आहे, आणि एलिंग्टनचा संच मुळात नाटकाच्या गाण्यांचा नाहीच. बाकीच्यांची गाणी बहुतांशी ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, संगीत नाटकांतली आणि चित्रपटांतली.

ही गाणी नाटकातली आहेत, हे लक्षात ठेवून ऐकले की बरेच काही उलगडते. आपल्याकडे नाट्यपद मैफलीत आले की प्रसंग सुटतो, पात्र सुटते, आणि मागे राहिलेल्या रागाचा विस्तार सुरू होतो. ब्रॉडवेच्या गाण्याचेही असेच झाले. फक्त तिथे मागे उरला तो राग नव्हता, ती होती स्वरमेळांची (कॉर्ड्सची) साखळी. वादकांनी चाल आणि शब्द दोन्ही टाकून ती साखळी तेवढी उचलली. आपल्याला पार्कर आवडतो, म्हणून त्याच्याच घरचे उदाहरण देतो : १९४५ साली त्याने डिझी गिलेस्पीबरोबर वाजवलेले 'हॉट हाउस' ही टॅड डॅमरन यांची रचना पोर्टरच्या 'व्हॉट इज धिस थिंग कॉल्ड लव्ह' या १९२९ सालच्या गाण्याच्या स्वरमेळांवर उभी आहे. मूळ गाणे एलाच्या संचात आहे. दोन्ही एकापाठोपाठ ऐकलीत तर गेली काही वर्षे आपण पोर्टरच ऐकत होतात, हे ध्यानात येईल.

वादकांनी आणखीही एक गोष्ट टाकली होती. या गाण्यांना सुरुवातीला एक प्रस्तावना असते, तिला तिथे 'व्हर्स' म्हणतात. संवादातून गाण्यात शिरण्यासाठी केलेला तो पूल असतो : ठेका सैल, चाल बोलण्याच्या जवळची, शब्दांत पात्राची परिस्थिती. नंतर येतो तो बहुधा ३२ मात्राखंडांचा 'कोरस', आणि लोकांच्या ओठांवर राहते ते एवढेच. नृत्याच्या बँडना आणि जॅझच्या वादकांना व्हर्सचा उपयोग नव्हता, म्हणून ती गळत गेली. एलाने या संचांमध्ये अनेक गाण्यांच्या व्हर्स परत आणल्या. 'नाइट अँड डे' हे गाणे घ्या, जे १९३२ साली फ्रेड अस्टेअर यांनी रंगभूमीवर गायले. त्याच्या व्हर्समध्ये ढोलाचे ठोके, घड्याळाची टिकटिक आणि पावसाचे थेंब येतात आणि चाल जवळपास एकाच स्वरावर हट्टाने आपटत राहते. एकच विचार डोक्यातून जात नाही, ही अवस्था त्या एका स्वराने दाखवली आहे. मग कोरस उघडतो तेव्हा खोलीची खिडकी उघडावी तसे वाटते. व्हर्स कापली तर उरते एक चांगली चाल. व्हर्ससकट ऐकले तर त्या चालीचे कारण कळते.

आता पोर्टरच का, ते. शब्द आणि चाल दोन्ही एकाच माणसाची असल्याने त्याच्या गाण्यात दोन्हींमधले धागे फार बारीक विणलेले असतात. 'एव्हरी टाइम वुई से गुडबाय' या १९४४ सालच्या गाण्यात निरोपाच्या क्षणी सूर मेजरमधून मायनरमध्ये जातो असे शब्द येतात, आणि नेमक्या त्या शब्दांवर खालचा स्वरमेळ खरोखरच तसा बदलतो. त्या स्वरमेळातला गंधार शुद्धाचा कोमल होतो, असे आपल्या भाषेत म्हणता येईल. कच्च्या गायकाला इथे काहीतरी करून दाखवण्याचा मोह होतो. एला काहीही करत नाही. स्वर जसा लिहिला आहे तसा, नेमक्या जागी ठेवते आणि पुढे जाते. तिच्या स्पष्ट उच्चारांचे पोर्टरने कौतुक केले होते, असे सांगतात. ते कौतुक थोडे कोरडे वाटते खरे, पण शब्दांसाठी जीव टाकणाऱ्या माणसाकडून आलेले आहे, हे विसरू नये.

माझ्या मते या संचाचा कस लागतो तो पहिल्याच बाजूवरच्या 'मिस ओटिस रिग्रेट्स'मध्ये. एक नोकर अत्यंत अदबीने कळवतो की बाईसाहेब आज जेवणाला येऊ शकत नाहीत. कारण हळूहळू कळते : फसवणाऱ्या प्रियकरावर त्यांनी गोळी झाडली, आणि जमावाने त्यांना तुरुंगातून ओढून झाडाला लटकवले. पोर्टरने १९३४ साली हे उच्चभ्रू मेजवान्यांच्या थट्टेसारखे लिहिले. एलाने मोठा वाद्यवृंद बाजूला ठेवून फक्त पॉल स्मिथ यांच्या पियानोवर ते गायले, आणि थट्टेचा सूर काढून टाकला. व्हर्जिनियात जन्मलेल्या कृष्णवर्णीय गायिकेच्या तोंडी जमाव आणि झाड हे शब्द १९५६ साली काय वजन घेऊन येत होते, ते वेगळे सांगायला नको. एकही शब्द न बदलता गाण्याचा अर्थ बदलणे याला मी तरी मोठी कला मानतो.

'लव्ह फॉर सेल'ची गोष्ट थोडी वेगळी. हे १९३० सालच्या 'द न्यूयॉर्कर्स' या नाटकातले, रस्त्यावर देह विकणाऱ्या स्त्रीचे गाणे. रेडिओवर त्याचे शब्द वर्ज्य होते. गोऱ्या अभिनेत्रीच्या तोंडी ते प्रेक्षकांना सोसेना, म्हणून प्रसंग हार्लेममध्ये, म्हणजे न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीत, हलवून ते एलिझाबेथ वेल्च या कृष्णवर्णीय गायिकेला देण्यात आले. मग म्हणे चालले! एला ते सुंदर गाते, पण मला ते पटत नाही. बाई फुले विकते आहे असे वाटते. त्याच गाण्याचे बिली हॉलिडे यांनी १९५२ साली ऑस्कर पीटरसनच्या पियानोवर केलेले ध्वनिमुद्रण ऐका. आवाज तोवर झिजलेला, पल्ला आखूड, आणि तरीही प्रत्येक ओळीत दिवसभराचा थकवा. त्यानंतर १९५८ सालच्या 'समथिन् एल्स' या तबकडीवर सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्ली आणि आपले माइल्स डेव्हिस यांनी ते वाजवले आहे, तेही लावा. एकच गाणे तिघांकडून ऐकल्यावर 'यात साधते काय' या प्रश्नाचे उत्तर माझ्या लिहिण्यापेक्षा जास्त चांगले मिळेल.

दोष सांगायचे तर पोर्टर संचातले बडी ब्रेगमन यांचे वाद्यसंयोजन कुठेकुठे झगझगीत आणि उथळ आहे. ते तेव्हा पंचविशीत होते आणि ते ऐकू येते. नेल्सन रिडल यांचे गर्श्विन संचातले काम त्याहून कितीतरी वरचे आहे. रॉजर्स आणि हार्टच्या संचात अडचण वेगळी आहे. लॉरेन्झ हार्टच्या शब्दांत स्वतःवरच उलटणारा एक कडवटपणा असतो. 'बिविच्ड' हे १९४० सालच्या 'पॅल जोई' या नाटकामधले गाणे एका श्रीमंत, विवाहित, प्रौढ स्त्रीचे आहे. समोरचा तरुण फुकटा आहे हे तिला पुरते ठाऊक आहे आणि तरीही ती वाहवते. एला सुमारे सात मिनिटे, कडव्यामागून कडवे निर्मळपणे गाते, आणि तो निर्मळपणाच आड येतो.

म्हणूनच एलाच्या जोडीला इतरांना ठेवावे. अनिता ओडे यांची पोर्टरवरची १९५९ सालची एलपी बिली मे यांच्या बँडबरोबर आहे. लहानपणी टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेत पडजीभ गेल्याने त्यांना लांब, कंप देत धरलेला स्वर जमत नसे, आणि त्या उणिवेतून त्यांनी तुटक, खट्याळ, सतत ठेक्याशी झोंबणारी शैली घडवली. पोर्टरचा खवचटपणा एलापेक्षा त्यांना अधिक कळला आहे. सॅरा व्हॉन यांचे गर्श्विन अगदी उलट टोकाचे : स्वर ताणणे, वळवणे, खालच्या सप्तकात बुडी मारून वर येणे, गाणे कधीकधी आवाजाखाली दबते, पण तो आवाजच असा आहे की तक्रार करवत नाही. एलाच्याच उरलेल्या संचांपैकी पोर्टरनंतर मी हॅरोल्ड आर्लेन सुचवीन. वडील सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, गाणारे, आणि स्वतः हार्लेमच्या कॉटन क्लबसाठी लिहिणारा, त्यामुळे या सर्वांत ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांचे दुःखगायन, त्याच्याच कानात सर्वाधिक मुरलेला होता. बर्लिन आणि कर्न नंतर कधीही चालतील.

राहिला प्रश्न जॅझ आहे का हा. आलापीसारखा विस्तार हीच आपली कसोटी असेल तर एलिंग्टन संच ऐकावा; तिथे खुद्द ड्यूकचा वाद्यवृंद आहे, बेन वेबस्टरसह छोट्या गटाची सत्रे आहेत, आणि एला भरपूर स्कॅट करते, जरी पूर्वतयारी अपुरी असल्याच्या खुणा काही ठिकाणी दिसतात. इतर संचांतला जॅझ ठेक्यात आहे. शब्द मात्रेच्या किंचित मागे टाकणे, पुढच्या शब्दाने ती उधारी फेडणे, दुसऱ्या आवर्तनात चालीचा एखादाच स्वर हलवणे, एवढ्यावर एला काम भागवते. छापील स्वरलिपी समोर ठेवून तिच्यासोबत गाण्याचा प्रयत्न करा; दोन ओळींत आपण तिच्या पुढे निघून गेलेले असाल.

महिन्याभराने गर्श्विनकडे परत जाल तेव्हा 'बट नॉट फॉर मी' या एकाच गाण्यापासून सुरुवात करावी. आधी १९५० सालचे, लार्किन्सच्या पियानोसह : एला तिशीच्या आरंभी, आवाज हलका, दोघांमध्ये तिसरे कोणी नाही. मग १९५९ सालचे, ज्यासाठी तिला ग्रॅमी मिळाले : रिडलची तंतुवाद्ये, गाणे अधिक संथ, अधिक एकटे. यांपैकी कोणते उजवे याबद्दल माझे मत गेल्या वीस वर्षांत तीनदा बदलले आहे, आणि सध्या मी पियानोच्या बाजूचा आहे.