आई-बाबांना शिकागोतला सेंट पॅट्रिक्स डे दाखवावा का?

तुम्ही विचारलंय की आई-बाबा पहिल्यांदाच मार्चमध्ये शिकागोला येतायत, दोघंही सत्तरीच्या आसपासचे, दारूला न शिवणारे. नदी हिरवी करतात तो सोहळा त्यांना दाखवावा, की नुसता पिणाऱ्यांचा गोंधळ म्हणून त्या दिवशी घरीच थांबावं?

जरूर दाखवा. पण आमची चूक करू नका.

२०१७ साली माझे आई-बाबा इथे होते. आम्ही उपनगरात राहतो. शनिवारी सकाळी आरामात नाश्ता करून लोकलने निघालो आणि दहाला पाच कमी असताना नदीशी पोचलो. पोचलो म्हणजे माणसांच्या पाठींशी पोचलो. कडाक्याची थंडी, बाबांच्या पुढे सहा-सात रांगा उभ्या, त्यांना पाण्याचा थेंबही दिसेना. शेजारी कॉलेजची मुलं सकाळपासूनच पिऊन आलेली. माझ्या पाच वर्षांच्या लेकीला कडेवर घट्ट धरून आईने मला विचारलं, "हा कसला गं सण?" त्या गर्दीत मला तिला काहीच सांगता आलं नाही. उत्तर दुसऱ्या दिवशी मिळालं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून माझं सांगणं असं: शनिवारी नदी बघा, पण सण बघायला रविवारी साउथ साइडला जा.

आधी शनिवार. सेंट पॅट्रिक्स डे, म्हणजे आयरिश लोकांच्या संताचा सण, १७ मार्चला असतो. शिकागोतली मोठी मिरवणूक १७ तारीख शनिवारी आली तर त्याच दिवशी, नाहीतर आदल्या शनिवारी निघते. नदीत रंग टाकायला सकाळी दहाच्या सुमारास सुरुवात होते आणि मिरवणूक सव्वाबाराला कोलंबस ड्राइव्हवरून जाते.

रंगाची गोष्ट आई-बाबांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे बघताना मजा येईल. या प्रथेचं मूळ नळकामात आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला नदीत चोरून सांडपाणी कोण सोडतंय हे शोधायला इथले प्लंबर पाइपांमध्ये हिरवा रंग सोडत. रंग नदीत उमटला की त्या पाइपाचा मालक सापडला. अशाच कामावरून आलेल्या एका प्लंबरचे हिरवेगार झालेले कपडे बघून प्लंबर युनियनचे पुढारी स्टीफन बेली यांच्या डोक्यात सणाला अख्खी नदीच हिरवी करायची कल्पना आली. ती तेव्हाचे महापौर रिचर्ड डेली यांना पटली. ते स्वतः आयरिश वंशाचे, ब्रिजपोर्ट या कामगार वस्तीत वाढलेले. १९६२ साली पहिल्यांदा नदीत १०० पौंड रंग ओतला आणि नदी आठवडाभर हिरवी राहिली! आता साधारण ४० पौंडांत काम भागतं. सुरुवातीचा रंग तेलकट होता, त्यावर टीका झाली आणि १९६६ पासून वनस्पतिजन्य पावडर आली. ती कशाची बनते ते मात्र गुपित आहे. बटलर आणि रोवन ही दोन कुटुंबं कित्येक दशकं हे काम करत आली आहेत.

बघण्यासारखा क्षण एकच, आणि तो चुकवू नका. पावडर नारिंगी असते. बोटीतली माणसं ती पीठ चाळायच्या चाळणीने पाण्यावर शिंपत जातात, मागून दुसरी बोट गोल फिरत पाणी घुसळते, आणि शेंदरी डाग बघता बघता पोपटी होऊन पसरतो. मी नंतरच्या वर्षी एकटी जाऊन हे बघितलं. तेव्हा बाबा शेजारी नव्हते याचं आजही वाईट वाटतं.

त्यासाठी आठला तिथे हजर राहायला लागतं. अप्पर वॅकर ड्राइव्हवर, मिशिगन अव्हेन्यू आणि कोलंबस ड्राइव्हच्या पुलांच्या मधल्या पट्ट्यात कठड्याशी जागा धरा. खालचा रिव्हरवॉक गेली काही वर्षं त्या सकाळी बंद असतो आणि गर्दी वाढली की पोलीस वाटा अडवतात. नदीवरचा वारा हाडात शिरतो, त्यामुळे आत थर्मल, वर जाड जाकीट, टोपी, हातमोजे सगळं हवं. आई-बाबांना दोन तास उभं राहणं झेपणार नसेल तर दहाचा हट्ट सोडा. दुपारी तीनलाही पाणी हिरवंच असतं, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशीही थोडी छटा उरते. तेव्हा पुलावर शांतपणे उभं राहून फोटो काढता येतात. बाथरूमची चिंता असेल तर मिशिगन अव्हेन्यूवरचं कल्चरल सेंटर लक्षात ठेवा. सरकारी इमारत, प्रवेश फुकट, वर काचेचा भव्य टिफनी घुमट. गाडी अजिबात काढू नका. मेट्रा लोकलमध्ये त्या शनिवार-रविवारी दारू न्यायला बंदी असते, म्हणून प्रवास तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बरा होतो.

युनियन स्टेशनला उतरलात तर दोन-तीन चौकांवर ओल्ड सेंट पॅट्रिक चर्च आहे. आयरिश स्थलांतरितांसाठी १८४६ साली सुरू झालेली ही भाविकांची मंडळी, आणि आत्ताची इमारत १८५० च्या दशकातली. १८७१ च्या आगीत शहराचा साधारण एक तृतीयांश भाग जळाला, पण हे चर्च वाचलं. आतल्या भिंतींवर आणि खिडक्यांच्या काचांवर जुन्या आयरिश हस्तलिखितांतली वेलबुट्टी आहे, एकात एक गुंतलेल्या रेषांची. आई ती बघत खूप वेळ बसली. म्हणाली, ठिपक्यांच्या रांगोळीचा हात असलेल्या माणसाने काढलीय.

आता रविवार. बेव्हर्ली आणि मॉर्गन पार्क या दक्षिणेकडच्या वस्त्यांत वेस्टर्न अव्हेन्यूवरून साउथ साइड आयरिश परेड निघते, १०३व्या रस्त्यापासून ११५व्यापर्यंत, दुपारी बाराला. १९७९ साली शेजारपाजारच्या दोन घरांनी १७ मुलं गोळा केली, एक बाबागाडी सजवली आणि घराभोवतीच्या गल्लीत चक्कर मारली, एवढीच तिची सुरुवात. पुढे ती इतकी वाढली की २००९ मध्ये दारूपायी वस्तीला त्रास झाला आणि दोन वर्षं परेड बंद ठेवली. लोक हळहळले, पण बंद ठेवली. २०१२ मध्ये पुन्हा सुरू केली ती रस्त्यावर पिणाऱ्याची गय नाही या अटीवर. तुमच्या आई-बाबांसाठी ही परेड योग्य आहे असं मी म्हणते ते यासाठीच. आपल्याकडे डीजेच्या भिंतींनी घेरलेल्या विसर्जन मिरवणुका बघताना मला या दोन वर्षांची आठवण होते.

लासाल स्ट्रीट स्टेशनवरून रॉक आयलंड मार्गाची लोकल पकडा आणि १०३व्या रस्त्याला उतरा. तिथून पंधरा-वीस मिनिटांची चाल. निघायच्या आदल्या रात्री घड्याळ तपासा, कारण बऱ्याच वर्षी याच रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं.

आम्ही अकराला पोचलो. फुटपाथच्या कडेला लोक घरच्या खुर्च्या मांडून, मांडीवर रग घेऊन बसलेले. मग पाइप बँड आला. किल्ट म्हणजे पुरुषांचा चुणीदार घागरा घातलेले पोलीस आणि अग्निशमन दलाचे लोक, खांद्यावर बॅगपाइप, मागे ताशासारखे ड्रम. आपल्या ढोलपथकाचा दणका छातीत बसतो, बॅगपाइपचा सूर मात्र लांबून आधी कानात येतो आणि बराच वेळ रेंगाळतो. शॅनन रोव्हर्स हा इथला बँड १९२६ पासून वाजवतोय. त्यानंतर हात अंगाशी ताठ धरून फक्त पायांनी नाचणाऱ्या मुली, शाळा, कामगार युनियन, आणि आडनावाचा फलक धरून चालणारी अख्खीच्या अख्खी घराणी. आजोबा पुढे, तान्हं बाळ गाडीत. मुलांकडे चॉकलेटं उडत होती, लेकीचे खिसे भरले.

आमच्या शेजारी आईच्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या. आईच्या हातातला हिरवा चुडा बघून त्यांना वाटलं आजच्यासाठी मुद्दाम घातलाय. आमच्याकडे सवाष्णीच्या हातात हिरव्या बांगड्या असतात असं मी सांगितलं, तर त्यांनी आपली खुर्ची सरकवून आईला बसायला दिली. त्यांचे खापरपणजोबा आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातून आलेले, दुष्काळानंतर. घरात ऐकत आलेलं त्यांनी सांगितलं: तो माणूस रस्त्यासाठी दगड फोडायचा आणि त्या मजुरीवर घर चालायचं.

बाबा पाथर्डी तालुक्यातले. बहात्तरच्या दुष्काळात ते पंधरा वर्षांचे होते आणि आजीबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. त्यांनी मला एकेक प्रश्न विचारायला लावला आणि मी मध्ये दुभाषी. रात्री घरी येऊन आम्ही उरलेलं वाचून काढलं. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला, आणि गरिबाच्या ताटात बटाट्याशिवाय दुसरं काही नव्हतं. सुमारे दहा लाख माणसं मेली, साधारण तेवढीच देश सोडून गेली. १८४७ च्या मार्चमध्ये तिथे सात लाखांहून जास्त लोक सरकारी दुष्काळी कामांवर होते. कुठेही न पोचणारे ते रस्ते अजून डोंगरात दिसतात. पुढे कामं बंद करून सार बनवून वाटायला सुरुवात झाली. त्याआधी ब्रिटनचे पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी अमेरिकेतून मका मागवला होता. तो लोकांना शिजवता येईना, पचेना, त्यांनी त्याला 'पीलचं गंधक' नाव दिलं.

हे वाचल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आम्हाला मिलो आली होती." बहात्तरमध्ये अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी, आणि पोरांना वाटलेली सुकडी. बाबा मिलोबद्दल आमच्याशी कधी बोलले नव्हते. त्या रात्री तासभर बोलले, लेक मांडीवर झोपून गेली तरी बोलत राहिले.

शिकागोत आयरिश माणूस त्या दुष्काळाच्याही आधी आला होता. नदीला पश्चिमेकडच्या पाण्याशी जोडणारा ९६ मैलांचा कालवा १८३६ ते १८४८ या काळात खणला गेला, त्यावर फावडी मारणारे बहुतांश आयरिश मजूर होते आणि डेलींचं ब्रिजपोर्ट त्यांच्याच झोपड्यांतून उभं राहिलं. म्हणजे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी या पाण्याची वाट खणली, ते त्यांच्या संताच्या नावाने तिला रंग चढवतात. काही नदीप्रेमींना हे रंगवणं पटत नाही आणि त्यांचं म्हणणं मला समजतं. तरीही मी जाते.

खुद्द पॅट्रिक आयर्लंडचा नव्हता हेही बाबांना फार भावलं. पाचव्या शतकातला, रोमन ब्रिटनमध्ये जन्मलेला, सोळाव्या वर्षी चाच्यांनी पळवून आयर्लंडला गुलाम केलेला. सहा वर्षं गुरं-मेंढरं राखली, पळून घरी गेला आणि पुढे धर्मोपदेशक होऊन त्याच देशात परत आला. आणखी एक, बोलताना 'सेंट पॅटी' म्हणू नका. पॅट्रिकचं आयरिश रूप पाड्रिग, त्यावरून पॅडी. 'पॅटी' ऐकलं की आयरिश माणसाला लागतं.

जेवणाचं म्हणाल तर सगळीकडे कॉर्न्ड बीफ, म्हणजे खारवलेलं गोमांस, आणि कोबी असतो. हा पदार्थ अमेरिकेत आल्यावर आयरिश लोकांनी ज्यू खाटकांकडून उचलला. तुमच्या घरी चालणार नसेल तर कोलकॅनन मागा, म्हणजे कोबी घालून लोण्यात घोटलेला बटाटा. सोडा ब्रेडही खा. तो मुळात पीठ, ताक, मीठ आणि खायचा सोडा एवढ्यावर होतो. इथे त्यात बेदाणे घालतात आणि कधी अंडंही, म्हणून विचारून घ्या.

त्या बाईंनी आम्हाला तो घरी केलेला सोडा ब्रेड डब्यातून काढून दिला होता. आईने चव घेऊन ताक ओळखलं. परेड संपली, खुर्च्या मिटायला लागल्या, तेव्हा आईने त्यांच्या हातातून रिकामा डबा मागून घेतला, आपल्या पिशवीतले चार शेंगदाण्याचे लाडू त्यात ठेवले, झाकण लावून परत केला. मी भाषांतर करायला पुढे झाले, पण गरज पडली नाही. तुम्ही जाल तेव्हा दोन घडीच्या खुर्च्या न्या, आणि आईच्या पिशवीत घरचं काहीतरी खायला असू द्या.