प्रत्येक जीआर अध्यादेश नसतो

प्रश्न असा आला आहे : "कोविडच्या काळात 'सरकारने लॉकडाऊनचा अध्यादेश काढला' असं सगळे म्हणत. अध्यादेश, अधिसूचना, शासन निर्णय हे सगळं एकच का? वटहुकूम आणखी वेगळा का? आणि अध्यादेश 'काढतात' की 'जारी करतात'?"

एकच नाहीत. अध्यादेश म्हणजे विधिमंडळ बसलेलं नसताना राज्यपालांनी काढलेला तात्पुरता कायदा; अधिसूचना म्हणजे आधीच्या कायद्याखाली सरकारने काढलेली जाहीर सूचना; शासन निर्णय म्हणजेच जीआर, सरकारच्या रोजच्या कारभाराचा कागद. मंत्रालयातून निघालेल्या प्रत्येक कागदाला टीव्हीच्या पट्टीवर 'अध्यादेश' म्हणतात तेव्हा माझं टाळकं सरकतं. बदल्यांची यादी, अध्यादेश. शाळेच्या सुट्टीचं परिपत्रक, अध्यादेश. जानेवारी २०२४ मध्ये वाशीत 'सगेसोयऱ्यां'चा कागद मराठा आरक्षणाच्या आंदोलकांच्या हाती आला, तोही पहाटेपर्यंत अध्यादेश झाला होता. होता तो अधिसूचनेचा मसुदा, हरकती मागवणारा! या गोंधळाचं मूळ मला वाटतं जीआरच्या शेपटात आहे. प्रत्येक जीआरच्या शेवटी छापलेलं असतं, 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. राज्यपाल दिसले, आदेश दिसला, झाला अध्यादेश. अहो, सरकारचा सगळा कारभारच राज्यपालांच्या नावाने चालतो. झेरॉक्स मशीन घ्यायचा जीआरसुद्धा.

कोविडचंच बघा. १४ मार्च २०२० ला विधिमंडळाचं अधिवेशन आवरतं घेतलं आणि त्याच तारखेला राज्याच्या कोविड नियमांची अधिसूचना निघाली. अध्यादेशाची गरजच नव्हती, कारण कायदा हाताशी होता : १८९७ चा साथरोग अधिनियम, मुंबईच्या प्लेगमुळे आलेला, तेव्हा जेमतेम चार कलमांचा. त्याचं दुसरं कलम राज्य सरकारला सांगतं की नेहमीचे कायदे अपुरे वाटले तर तात्पुरते नियम करा आणि ते जाहीर करा. पुढचे टाळेबंदीचे, 'मिशन बिगिन अगेन'चे, 'ब्रेक द चेन'चे आदेश या कायद्याच्या आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या खांद्यावर बसून आले. खरा अध्यादेश त्या मार्चमध्ये केरळने काढला, साथरोगांवरच. आणि २२ एप्रिलला केंद्राने, डॉक्टर-नर्सवर हल्ले करणाऱ्यांना शिक्षा वाढवणारा.

आता मला मुळात जे सांगायचं आहे ते.

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत 'अधि + आदेश = अधिकाराने दिलेला आदेश' असं ठोकून देतात. बिनअधिकाराचा आदेश कोणता असतो ते मात्र सांगत नाहीत. 'अधि'ला सोडा, 'आदेश' बघा. दिश् म्हणजे दाखवणे; दिशा, उपदेश, निर्देश, संदेश सगळे त्याच घरचे. पण संस्कृत व्याकरणात आदेश म्हणजे हुकूम नव्हे, आदेश म्हणजे बदली! शाळेत आपण घोकलं आहे : दृश् धातू, पण रूप पश्यति. पा, पण पिबति. दृश्‌ला उठवून त्याच्या जागी पश्य बसला, तो आदेश. ज्याला उठवलं तो स्थानी. आणि पाणिनीचं सूत्र आहे, 'स्थानिवदादेशोऽनल्विधौ'. बदली आलेल्याला मूळच्यासारखंच वागवायचं, काही अपवाद वगळता. पाणिनीच्या सूत्रांवरच्या पतंजलीच्या महाभाष्यात याचा दाखला फार गोड आहे : गुरुपुत्राशी गुरूसारखंच वागावं, फक्त त्याचं उष्टं खाऊ नये आणि त्याचे पाय धरू नयेत.

आता राज्यघटनेचा अनुच्छेद २१३ काढा. विधिमंडळ बसलेलं नसताना राज्यपालांनी काढलेल्या अध्यादेशाला विधिमंडळाच्या कायद्याइतकंच बळ असतं. हे स्थानिवत् नाही तर काय? आणि अपवादही आहेच. सभागृह पुन्हा भरलं की अध्यादेश त्याच्यापुढे ठेवायचा, मंजूर झाला नाही तर सहा आठवड्यांनी तो संपला. गुरुपुत्राचा मान सहा आठवडे.

याहून गंमत पुढे आहे. वैयाकरणांची म्हण आहे, 'शत्रुवदादेशः, मित्रवदागमः'. आदेश शत्रूसारखा येतो, जागेवरच्याला हुसकावतो. आगम मित्रासारखा येतो, शेजारी बसतो. 'अगच्छत्' मधला 'अ' तसा. साथरोग कायद्याखालची अधिसूचना हा आगम. मूळ कायदा जागेवर शाबूत, ती त्याला टेकून बसलेली. कायदा गेला की तीही गेली. अध्यादेश मात्र सभागृहाच्या रिकाम्या खुर्चीत बसतो. तुम्ही विचारलेला फरक एवढाच आहे.

'शब्द घडवणाऱ्यांच्या मनात पाणिनी नव्हताच' असं एका भाषापंडितांनी मला मागे सुनावलं. नसेल. पण शब्द घडवणाऱ्याच्या डोक्यापेक्षा शब्दाचं डोकं मोठं असू शकतं, हे त्यांना मान्य नसावं. नसो.

आदेश खुर्ची सोडत नाही तेव्हा काय होतं, ते बिहारने दाखवलं. १९६७ ते १९८१ मध्ये तिथे २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले गेले, काही तर चौदा वर्षं. हे खणून काढलं आपल्या पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या डी. सी. वाधवा यांनी, आणि डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार घटनेशी कपट ठरवला. गुरुपुत्राने गादीच बळकावली होती.

जाता जाता : बृहदारण्यक उपनिषदात 'अथात आदेशो नेति नेति' असं आहे; नेति म्हणजे 'असं नाही'. एप्रिल २०२०चे आमच्या सोसायटीच्या फाटकावर डकवलेले कागद आठवा. फिरणं? नेति. केशकर्तनालय? नेति. कामवाल्या मावशी? नेति नेति.

वटहुकूम राहिला. तो अध्यादेशच, फक्त जुन्या वाड्यातला. ('वडाखाली बसून दिलेला हुकूम' ही व्युत्पत्ती कृपया मला पुन्हा पाठवू नका. 'गावात त्याची वट आहे' मधली वट मला जास्त पटते, पण हा माझा तर्क.) हेडिंगमध्ये दोन्ही चालतात, मला वटहुकूमच आवडतो, कारण तो जीआरला चुकूनही कोणी लावत नाही.

आणि क्रियापद. राजपत्रात 'प्रख्यापित' करतात, ते राजपत्रातच राहू दे. जारी म्हणजे वाहता, चालू. म्हणून 'जारी करणे' चूक नाही, हिंदी बातम्यांचा वास येतो इतकंच. मराठीत अध्यादेश काढतात.