हिपॅटायटीस बी निघाला आहे. नेटवर नेमकं काय वाचू आणि बोलायला माणसं कुठे मिळतील?

तुम्ही लिहिलंय की कंपनीच्या मेडिकलमध्ये एचबीएसएजी (हिपॅटायटीस बी ची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आला, घरी अजून सांगितलेलं नाही आणि चार रात्री मोबाइलवर वाचून डोकं भणभणलंय. एक जण म्हणतो तीन महिन्यांत मुळापासून बरं होतं, दुसरा म्हणतो लिव्हर गेलंच समजा. मी डॉक्टर नाही. पण 2014 मध्ये पहिल्या बाळंतपणाच्या तपासण्यांत मला हे कळलं, तेव्हापासून याच्यासोबत राहतेय. तुमच्या त्या चार रात्री मी महिनाभर काढल्यात.

आधी सांगा, शोधताना टाइप काय करताय? मी 'पांढरी कावीळ' टाकायचे, कारण आमच्याकडे बी ला तेच म्हणतात. घोळ तिथेच झाला. कावीळ हे लक्षण, आजार वेगवेगळे. हिपॅटायटीस ए आणि ई दूषित पाण्यातून, अन्नातून होतात आणि बहुतेकांचे काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. गळ्यात माळ घालणाऱ्यांचा, चुन्याने हात धुऊन पिवळं पाणी दाखवणाऱ्यांचा, नाकात थेंब सोडणाऱ्यांचा धंदा त्यावरच चालतो. जी उतरणारच होती ती कावीळ उतरते आणि नाव माळेचं होतं. हिपॅटायटीस सी आता साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. तुम्ही वाचलेले 'तीन महिने' बहुधा तिथून उचललेले आहेत. जुनाट बी चं तसं नाही. तो गोळ्यांनी वर्षानुवर्षं दाबून ठेवता येतो, पण हमखास मुळापासून घालवणारं औषध अजून आलेलं नाही. त्यामुळे ज्या पानावर किंवा व्हिडिओत ए, बी, सी, ई यांपैकी एकही अक्षर नाही, ते मी दोन ओळींत बंद करते.

दुसरं म्हणजे, आजाराचं नाव शोधू नका, आपल्या रिपोर्टमधले शब्द शोधा. एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू शरीरात आहे, एवढंच. तो किती आहे हे एचबीव्ही डीएनए ही रक्ततपासणी सांगते. लिव्हरला सूज आहे का याचा अंदाज एसजीपीटी या रक्ततपासणीवरून येतो आणि लिव्हर किती कडक झालंय हे फायब्रोस्कॅनवरून. संसर्ग नवा असेल तर निरोगी मोठ्या माणसात तो बहुतेकदा सहा महिन्यांत आपोआप जातो, म्हणून डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतात. जन्माच्या वेळी आईकडून आलेला मात्र सहसा मुक्काम करतो. माझं तसंच झालं होतं. माझ्यानंतर आईची तपासणी केली, तीही पॉझिटिव्ह. तिला साठ वर्षांत एकदाही कावीळ झालेली नव्हती. 'कुठून लागलं गं तुला?' या प्रश्नातला तो खवचट सूर त्या दिवशी बंद झाला.

वाचायला म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेचं हिपॅटायटीस बी वरचं माहितीपत्रक आधी घ्या. छोटं आहे, रात्री वाचलं तरी झोप उडत नाही. मग अमेरिकेतली 'हिपॅटायटीस बी फाउंडेशन' ही संस्था. रिपोर्ट कसा वाचायचा, घरात काय जपायचं, गरोदरपणात काय करायचं, हे त्यांच्या साइटवर सोप्या इंग्रजीत आहे. बोलायला माणसं हवीत तर 'हेप बी कम्युनिटी' हा ऑनलाइन मंच पाहा. तिथे जगभरचे रुग्ण प्रश्न विचारतात आणि जाणकार उत्तरं देतात. इंग्रजीची अडचण असेल तर फोनमधलं भाषांतर कामापुरतं चालतं, फक्त आकडे आणि औषधांची नावं मूळ पानावर पडताळून घ्या.

आपल्या देशातलं म्हणाल तर राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम 28 जुलै 2018 ला सुरू झाला. त्यात बी आणि सी ची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत, आणि त्याच्या साइटवर राज्यवार उपचार केंद्रांची यादी आहे. नाहीतर सरळ जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये जाऊन विचारा. मला कळलं तेव्हा हे काहीच नव्हतं, डीएनएच्या एका तपासणीला अख्खा पगार मोडला होता.

व्हॉट्सअॅप आणि फेसबुकवरचे ग्रुप? मी दोन सोडले. पहिल्या दिवशी 'ताई, तुमचा एसजीपीटी किती?' अशी आपुलकीची चौकशी, आठवड्यात खासगी मेसेज, त्यात काढ्याच्या बाटलीचा फोटो आणि किंमत. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी असं समजू नका. कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं. वाद त्यांचा त्यांनी घालावा, पण आधीच विषाणू घेऊन बसलेल्या लिव्हरवर मी तो प्रयोग करणार नाही. आणि ग्रुपमध्ये रिपोर्टचा फोटो टाकायचाच असेल तर नाव झाका, आणि कोपऱ्यातला क्यूआर कोडही. काही लॅबचा तो कोड स्कॅन केला की अख्खा रिपोर्ट उघडतो.

तुम्हाला कुणी टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर (विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या) सुरू केलं असेल, तर नेटवर कुणाचंही वाचून ते मनाने बंद करू नका. विषाणू उसळून लिव्हरला जबर दणका बसू शकतो. सगळ्यांनाच गोळी लागते असंही नाही. मला अजून लागलेली नाही, दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी.

आता घरी सांगण्याचं. लग्न झालंय का ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण जोडीदाराला सांगणं टाळू नका, कारण त्यांना तपासणी आणि लस लागते. बी ला लस आहे हीच यातली मोठी सोय. माझा नवरा निगेटिव्ह निघाला, त्याने शून्य, एक आणि सहा महिन्यांचे तीन डोस घेतले. मुलीला जन्मल्यावर बारा तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), दोन मांड्यांत दोन सुया. वर्षाची होताना तपासली, निगेटिव्ह. एका ताटात जेवण्याने, मिठी मारण्याने, एकच बाथरूम वापरण्याने हा पसरत नाही. रेझर, टूथब्रश, नेलकटर मात्र वेगळे. हे सगळं माहीत असायला हवं अशा दवाखान्यात माझ्या फाइलवर लाल पेनाने ठळक 'बी पॉझिटिव्ह' लिहून ती वॉर्डात सगळ्यांना दिसेल अशी ठेवली होती. सासूबाईंनी ते वाचलं आणि भेटायला आलेल्या प्रत्येकीला सांगितलं, हिचा रक्तगट बी पॉझिटिव्ह. माझा ओ आहे. मी आठ दिवस गप्प बसले, खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं.

पुढे त्यांना खरं सांगितलं तेव्हा अमिताभ बच्चन उपयोगी पडले. 1982 च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून त्यांना बी झाला, लिव्हरचा पाऊण भाग गेल्याचं ते स्वतः जाहीर सांगतात, आणि 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना आपल्या भागासाठी हिपॅटायटीसचे सदिच्छादूत केलं. सासूबाई म्हणाल्या, 'मग तो रोज टीव्हीवर दिसतो तो?' त्यानंतर माझा कप वेगळा ठेवणं बंद झालं.

रिपोर्टमधला एखादा शब्द अडला तर नाव न टाकता खाली लिहा, मला माहीत असेल तर अर्थ सांगेन. गोळी सुरू करायची का, ते मात्र मला विचारू नका.